लॅटिनचा तू आणि आपला तू: उसना, योगायोग की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी फ्रेंच शिकते आहे. फ्रेंचमध्ये ‘तू’, इटालियनमध्ये ‘तू’, लॅटिनचं पुस्तक सहज चाळलं तर तिथेही ‘तू’, आणि आपल्या घरात तर जन्मापासून तूच. हा शब्द आपण त्यांच्याकडून घेतला, त्यांनी आपल्याकडून नेला, की नुसता योगायोग? अर्थ आणि व्याकरण सगळीकडे सारखंच आहे का?

मी बरीच वर्षं संस्कृत आणि लॅटिन शिकवते आहे. दर वर्षी वर्गात कोणीतरी हा प्रश्न विचारतंच, आणि पहिल्या दिवशी विचारला तर मला जास्त आनंद होतो. सरळ उत्तर असं, की कोणी कोणाकडून घेतलेला नाही आणि योगायोगही नाही. शब्द एकच आहे, एकाच आजीकडून आलेला, म्हणजे ज्या जुन्या मूळ भाषेतून संस्कृत, ग्रीक, लॅटिन निघाल्या तिच्याकडून. अर्थाचा गाभा सगळीकडे एक आहे, पण त्यातला मान-अपमान प्रत्येक घराने आपापला ठरवला. व्याकरणाचं म्हणाल तर मराठी बोलणाऱ्याला लॅटिनचा ‘तू’ फ्रेंच माणसापेक्षा सोपा जायला हवा. का, ते पुढे येईलच.

आधी उच्चार. लॅटिनमधला ‘तू’ दंत्य त आणि दीर्घ ऊ घेऊन येतो, म्हणजे अगदी आपला. आपली मुलं लॅटिन वाक्यं इंग्रजीमार्गे शिकतात, म्हणून सीझरच्या तोंडी ‘एट टू ब्रूटे’ घालतात. तो ट इंग्रजांचा. ‘एत् तू, ब्रूते’ म्हणा, काम झालं. (हे वाक्य शेक्सपिअरच्या नाटकातलं. सीझरच्या चरित्रकाराने, सुएतोनियसने, लोक सांगतात म्हणून जे शब्द नोंदवले ते ग्रीक आहेत: ‘काय सू, तेक्नोन’, म्हणजे ‘तूसुद्धा, बाळा’. त्यातला ‘सू’ हाही आपला तूच. अथेन्सच्या ग्रीकमध्ये त चा स झाला, डोरिक ग्रीकमध्ये ‘तू’ तसाच राहिला.) फ्रेंचमध्ये मात्र लिहायला तेच असलं तरी स्वर बदलला आहे. ओठ ऊचे ठेवायचे आणि जीभ ईची. आपण ‘त्यू’ लिहितो, पण तो खरा त्यू नव्हे.

आता नात्याचा पुरावा. इथे जरा सावकाश जाऊ, कारण बहुतेक लोक इथेच घाई करतात. दोन भाषांतला एक छोटा शब्द जुळला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. हंगेरियनमध्ये ‘तू’ला ‘ते’ म्हणतात, पण ती भाषा या कुटुंबातली नाही. पोलिशमध्ये ‘तू’ म्हणजे ‘इथे’. संस्कृतात ऱ्हस्व ‘तु’ म्हणजे ‘पण’. एका अक्षराचा शब्द कुठेही कशाशीही जुळू शकतो. म्हणून शब्द बघायचा नाही, त्याचा चालवलेला तक्ता बघायचा, आणि त्यातही सरळ रूपांकडे नाही तर वाकड्या रूपांकडे बघायचं.

लॅटिनमध्ये ‘तू’ असा चालतो: कर्ता ‘तू’, कर्म ‘ते’, ‘तुला’ या अर्थी ‘तिबी’, षष्ठी ‘तुई’, आणि ‘तुझ्यापासून, तुझ्याकडून’ यासाठी पुन्हा ‘ते’. संस्कृतात त्वम्, त्वाम्, तुभ्यम्, तव, आणि छोटं रूप ते. यातलं ‘तिबी’ आणि ‘तुभ्यम्’ शेजारी ठेवा. मूळच्या भ ची लॅटिनमध्ये ठरलेली गत होते. शब्दाच्या सुरुवातीला असला तर त्याचा फ होतो (भ्राता, ‘फ्रातेर’), आणि मध्ये असला तर ब (नभस्, ‘नेबुला’ म्हणजे धुकं). तुभ्यम् मधला भ मध्ये आहे, तेव्हा लॅटिनमध्ये ब यायला हवा. तो आला. आता ‘मला’ बघा. संस्कृत मह्यम्, लॅटिन ‘मिही’. दोन्हीकडे ह. म्हणजे पहिल्या पुरुषात ह आणि दुसऱ्या पुरुषात भ, ही विसंगती दोन्ही भाषांनी जशीच्या तशी सांभाळली आहे. उसना घेणारा माणूस शब्द घेतो, त्याचा विक्षिप्तपणा तक्त्यासकट उचलत नाही. विक्षिप्तपणा वारशानेच मिळतो, आमच्या घरातल्या नाकासारखा.

आणि हे रूप मराठीत रोज वापरात आहे. मह्यम् चं प्राकृतात ‘मज्झ’ झालं. तुभ्यम् चं खरं तर ‘तुब्भ’ व्हायला हवं होतं, आणि ते प्राकृतात सापडतंही. पण शेजारच्या ‘मज्झ’चं बघून लोकांनी ‘तुज्झ’ केलं, आणि तेच टिकलं. त्यातूनच आपले मज, तुज आणि माझा, तुझा आले. म्हणजे ‘तुझा’ मधला झ हा मुळात ‘माझा’कडून आणलेला आहे. तरीही ‘मिही’ आणि ‘माझा’, ‘तिबी’ आणि ‘तुझा’ या चुलत भावंडांच्या जोड्या आहेत. वर्गात हे फळ्यावर मांडल्यावर दोन मिनिटं कोणी बोलत नाही. शिकवण्यातले जे काही क्षण मला आवडतात, त्यांतला हा एक.

‘तुम्ही’चीही अशीच गंमत. संस्कृतात अनेकवचन यूयम्, युष्मान्, युष्माकम् असं य ने सुरू होतं. प्राकृताने एकवचनातला त तिथे लावून ‘तुम्हे’ केलं, त्याचं आपलं तुम्ही. लॅटिनमध्ये अनेकवचन ‘वोस’. ते आपल्याला परकं वाटतं, पण संस्कृतातलं छोटं रूप ‘वः’ आठवा. ‘वः’ आणि ‘वोस’, ‘नः’ आणि ‘नोस’, ही पुन्हा तीच घराणी. ‘शं नो मित्रः’ मधला ‘नो’ आणि लॅटिनमधला ‘नोस’ यांत ऐकायला फारसा फरक नाही.

बाकीचं कुटुंब पटकन सांगते. लिथुआनियन ‘तू’, आयरिश ‘तू’, रुमानियन ‘तू’, रशियन ‘ती’ (स्वर थोडा वेगळा, घशाकडचा), जर्मन ‘दू’, जुनी फारसी ‘तुवम्’, आजची फारसी ‘तो’. इंग्रजीतला ‘दाऊ’ हाही तोच. जर्मानिक शाखेत (जर्मन, इंग्रजी वगैरे) मूळच्या त चा थ झाला, म्हणून त्रयस् चा ‘थ्री’ आणि तनु चा ‘थिन’. ‘दाऊ’ची सुरुवातही आधी तशीच होती. ऋग्वेद वृत्तात म्हणून पाहिला तर त्वम् पुष्कळदा ‘तुवम्’ असा दोन अक्षरी म्हणावा लागतो, तेव्हाच मात्रा बसतात. म्हणजे तिथेही आत ‘तु’ आहेच, त्याला अहम् सारखा अम् जोडलेला. जुन्या मराठीत आपण ‘तूं’ असा टिंब देऊन लिहायचो, ते टिंब त्या नाकातल्या उच्चाराचं उरलेलं चिन्ह. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते काढलं. कोकणीत ‘तूं’ अजून नाकातून निघतो.

कोकणीवरून आठवलं. लॅटिन आणि आपल्या भाषांचं हे साम्य ज्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं, त्यांतली दोन माणसं आपल्याच किनाऱ्यावर होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९मध्ये गोव्यात आले, आणि १५८३मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवलं की इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोचीन-गोव्याकडे होता. त्याला संस्कृतातले सात, आठ, नऊ हे आकडे आणि देव, सर्प हे शब्द आपल्या इटालियनसारखे वाटले. तो १५८८मध्ये गोव्यातच वारला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं मूळ एकच असावं असं सांगणारं प्रसिद्ध भाषण विल्यम जोन्सने कलकत्त्यात केलं १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. स्टीफन्सनी नंतर १६१६मध्ये ओवीबद्ध मराठीत क्रिस्तपुराण छापलं, आणि आरंभीच्या स्तवनात देवाला ‘तूं’ म्हणूनच हाक मारली. लॅटिन प्रार्थनेत देव ‘तू’, ओवीतही तूं. त्यांना तो शब्द बदलावा लागला नाही.

आता व्याकरण. विद्यार्थ्यांना खरी मदत इथेच होते.

लॅटिनमध्ये ‘तू’ हा शब्द बहुतेक वेळा बोलतच नाहीत. ‘वेनीस’ म्हणजे ‘येतोस’. शेवटच्या स मध्ये तू येऊन गेला. मराठीतही ‘कुठे चाललास?’ एवढं पुरतं, ‘तू’ घातला तर रोख वाढतो: ‘तू कुठे चाललास?’ लॅटिनमध्येही नेमकं तेच होतं. शिवाय आपला स आणि त्यांचा स एकच आहे. संस्कृत असि, करोषि मधला सि, जुन्या मराठीतलं करिसी, जासी, आजचं करतोस, आहेस. लॅटिन ‘तू एस’ आणि ‘तू आहेस’ एकाखाली एक लिहून बघा. आपण त्यात लिंगाची भर घातली, येतोस आणि येतेस, कारण आपली ही रूपं कृदन्तावरून आली. लॅटिनला ती चैन नाही. फ्रेंचमध्ये हा स लिहितात पण उच्चारत नाहीत, त्यामुळे ‘येतो’ आणि ‘येतोस’ ऐकायला सारखंच. म्हणून तिथे प्रत्येक क्रियापदामागे ‘तू’ लावणं सक्तीचं झालं. इटालियनने स गमावला पण त्या जागी ऐकू येणारा ई ठेवला, म्हणून तिथे तू गाळलेला चालतो. ज्या भाषेचे प्रत्यय झिजले, तिथे सर्वनामाला नोकरी लागली, एवढं लक्षात ठेवलंत तरी युरोपातल्या निम्म्या भाषांचं कोडं सुटतं.

चतुर्थी तर आपलीच. ‘तिबी प्लाकेत’ म्हणजे ‘तुला आवडतं’. आवडणारी वस्तू कर्ता, आणि आपण ‘ला’च्या रूपात. ‘तिबी दुओ फ्रात्रेस सुंत’ म्हणजे ‘तुला दोन भाऊ आहेत’. इंग्रजीतून लॅटिन शिकणारी मुलं या दोन वाक्यांपाशी आठवडाभर अडकतात. मराठी मुलाला मी सांगते, तुझ्या आईशी बोलतोस तसं बोल आणि शब्द बदल.

‘तुझा’ म्हणजे ‘तुउस, तुआ, तुउम’, आणि ते आपल्यासारखंच मालकाच्या नव्हे तर वस्तूच्या लिंगाप्रमाणे चालतं: तुझा, तुझी, तुझं. तिन्ही लिंगं अजून टिकवलेल्या भाषेत वाढल्याचा इथे रोख फायदा. पण एक खड्डा आहे. षष्ठीचं रूप ‘तुई’ दिसतं म्हणून मुलं ‘तुझं पुस्तक’साठी ‘लिबेर तुई’ लिहितात. ते चूक, ‘लिबेर तुउस’ हवं. ‘तुई’ राखून ठेवलेलं आहे भावनेच्या विषयासाठी. ‘आमोर तुउस’ म्हणजे तुझं प्रेम, तू करतोस ते. ‘आमोर तुई’ म्हणजे तुझ्यावरचं प्रेम, दुसरा कोणी करतो ते.

दुसरा खड्डा खास मराठी आहे, आणि तो मी कोणत्याही इंग्रजी व्याकरणात पाहिलेला नाही. ‘आपलं काम कर’ यातलं ‘आपलं’ आपण कोणत्याही पुरुषाला लावतो: मी आपलं काम करतो, तू आपलं काम कर, तो आपलं काम करतो. लॅटिनमधलं ‘सुउस’ फक्त तिसऱ्या पुरुषाला चालतं. त्यामुळे आपला विद्यार्थी बिनधास्त ‘तू’बरोबर ‘सुउम’ लिहितो आणि गुण घालवतो. तिथे ‘तुउम’ हवं. ‘स्वतःला ओळख’ यासाठीसुद्धा लॅटिनमध्ये ‘ते’ वापरतात, शब्दशः ‘तुला ओळख’, आणि जोर द्यायला ‘इप्सुम’. मराठीत ‘तुला ओळख’ म्हटलं तर समोरचा विचारेल, कोणी ओळखायचं?

जोरावरून एक जुनी ओळ. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या कवी एन्नियसची: ‘ओ तिते तूते ताती तिबि तांता तिरान्ने तुलिस्ती’. हे तितुस तातियुस, राजा, तू स्वतःच स्वतःवर एवढं ओढवून घेतलंस. ‘तूते’ म्हणजे ‘तूच’, आणि ‘तिबि’ इथे ‘स्वतःवर’. जीभ अडखळते म्हणून वर्गात हसू येतं, पण सर्वनामाची दोन रूपं कायमची पाठ होतात.

‘तुझ्यासह’साठी लॅटिनमध्ये ‘तेकुम’. ‘कुम’ म्हणजे सह, आणि ते एरवी नामाआधी येतं, पण या सर्वनामांना मागून चिकटतं, आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं. पुढे स्पेनमध्ये लोकांना हा जोड कळेनासा झाला, आणि त्यांनी पुढे आणखी एक ‘कोन’ लावला: ‘कोंतीगो’. म्हणजे ‘सह-तुझ्या-सह’. पोर्तुगीजमध्येही तेच.

राहिला मानाचा प्रश्न, आणि गैरसमज सर्वांत जास्त इथेच आहेत. अभिजात लॅटिनमध्ये ‘तू’ म्हणजे समोरचा एक माणूस, बस. प्लाउतुसच्या नाटकांत गुलाम मालकाला ‘तू’ म्हणतो. ख्रिस्तपूर्व ४६मध्ये वक्ता सिसेरो भर सभेत सीझरला, म्हणजे रोमच्या सर्वसत्ताधीशाला, ‘तू’ म्हणून बोलतो, आणि त्यात उद्धटपणा कणभर नाही. सम्राटांना ‘वोस’ म्हणण्याची रीत साम्राज्याच्या उतरत्या काळात रुजली, आणि तिथून ती मध्ययुगीन युरोपभर पसरली. संस्कृतातही जुनी स्थिती तीच होती. ‘नमस्ते’ मधला ‘ते’ म्हणजे ‘तुला’! ज्या आजोबांना आपण आयुष्यात कधी अरेतुरे करणार नाही, त्यांना हात जोडून रोज ‘तुला नमस्कार’ म्हणतो, आणि दोघांनाही ते खटकत नाही. पुढे संस्कृताने ‘भवान्’ आणला आणि त्याला क्रियापद तिसऱ्या पुरुषाचं दिलं, भवान् गच्छति. स्पॅनिशचा ‘उस्तेद’ आणि पोर्तुगीजचा ‘वोसे’ याच वाटेने गेले. दोन्हींचं मूळ ‘आपली कृपा’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग, म्हणून क्रियापद तिसऱ्या पुरुषात.

एकदा दोन रूपं झाली की त्यांचं राजकारण होतं. इंग्लंडमध्ये १६०३मध्ये दरबारी आणि दर्यावर्दी वॉल्टर रॅलीवरच्या देशद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील कोक त्याच्यावर ओरडला, त्याचा मराठी भावार्थ ‘तुला मी अरेतुरेच करणार, देशद्रोह्या’. फ्रान्समध्ये क्रांतिकाळात, १७९३मध्ये, सगळ्यांनी सगळ्यांना ‘तू’ म्हणावं असा आग्रह धरला गेला. तो टिकला नाही. मुसोलिनीने १९३८मध्ये इटालियनमधला आदरार्थी ‘लेई’ बंद करून ‘वोई’ लादायचा प्रयत्न केला, तोही त्याच्याबरोबर गेला. स्वीडनमध्ये मात्र १९६०च्या दशकाच्या अखेरीस सगळे एकमेकांना ‘दू’ म्हणू लागले आणि ते राहिलं. हुकमाने होत नाही ते सोयीने होतं. या वागण्यासाठी फ्रेंच आणि जर्मनला स्वतंत्र क्रियापदं आहेत, तशी आपल्याकडे ‘अरेतुरे’ आणि ‘अहोजाहो’ आहेत, आणि माझ्या मते आपली जास्त खमंग आहेत.

मराठीचा हिशेब या सगळ्यांहून थोडा निराळा आहे. आई तू, विठ्ठल तू, जिवलग मित्र तू. वडील पुष्कळ घरांत अजून तुम्ही. म्हणजे तू मध्ये जवळीक आणि तुच्छता दोन्ही मावतात, आणि कोणती ते सुरावर ठरतं. त्यामुळे लॅटिनचा मराठी अनुवाद करताना ‘तू’चं आपोआप ‘तू’ करू नका. सिसेरोच्या एका भाषणाचा पहिला कच्चा मसुदा मी तसा केला होता. वाचून दाखवला तेव्हा माझी एक सहकारी म्हणाली, हा माणूस सीझरशी कट्ट्यावर बसून बोलतोय का? मी सगळीकडे ‘आपण’ केलं. प्रार्थनेत, शापात आणि प्रेमकवितेत मात्र ‘तू’ तसाच ठेवा. तिथे ‘आपण’ घातलंत तर देव जिल्हाधिकारी होतो.

तुमच्या फ्रेंचपुरतं: शिक्षकांना, दुकानदाराला, मैत्रिणीच्या आईला ‘वू’, आणि त्यांनी स्वतः सुचवलं तरच ‘तू’. आणि पुस्तकात कुठे ‘इल स ते’ असं वर्तमानकाळात आणि ‘इल से तू’ असं भूतकाळात आलं, तर दुसऱ्यातल्या तू ला हे काहीही लावू नका. तिथे तो ‘गप्प होणे’ या क्रियापदाचं भूतकाळवाचक रूप आहे, लॅटिन ‘ताकेरे’वरून आलेलं. अर्थ एवढाच, की तो गप्प झाला.